मी ‘हं’ म्हटलं होतं

आमचे अण्णा वारले २००९ सालच्या आषाढात. ते खरोखरच वारले हे कागदोपत्री सगळ्यांना पटायला पुढच्या वर्षीचा शिमगा उजाडला.

यात कोणाचा दोष म्हणावा तर तो थोडासा अण्णांचाच. पनवेलच्या पोरांना त्यांनी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. ऱ्हस्वदीर्घाला अर्धा गुण आणि अनुस्वाराला पाव गुण कापण्याबद्दल त्यांची गावात ख्याती होती. या माणसाचं स्वतःचं नाव मात्र बँकेत एक, पोस्टात दुसरं आणि घराच्या मिळकत पत्रिकेवर तिसरंच. बँकेत ते ‘रामचंद्र’, अनुस्वाराचे. पोस्टात ‘रामचन्द्र’, अर्ध्या न चे. आणि मिळकत पत्रिकेवर ‘रामचंद्रराव’. कारण नोंद करणारा कारकून त्यांचा विद्यार्थी निघाला, आणि गुरुजींचं नाव नुसतं कसं लिहायचं म्हणून त्याने आपला आदर ‘राव’च्या रूपाने सरकारी दप्तरात नोंदवून ठेवला. तो आदर निस्तरायला मला नोटरीकडे दोन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं, की सदरहू तिन्ही नावांचा इसम एकच असून तो मयत आहे. त्या कागदावर ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्दच मुळी दीर्घ ‘ती’ काढून टाइप केलेला होता. मी निमूटपणे सही केली. अण्णा हयात असते तर त्यांनी कागद फाडून टाकला असता. पण अण्णा हयात असते तर कागद लागलाच नसता.

माणसाच्या मागे काय उरतं, या विषयावर आपल्याकडचे कीर्तनकार रात्र रात्र बोलतात. अण्णांच्या मागे उरलं ते असं : वडाळे तलावाच्या बाजूचं, म्हणजे तलाव दिसत नाही पण तिथले डास पोचतात इतक्या अंतरावरचं, खाली तीन खोल्या आणि वर माडी असं कौलारू घर, एक मुदत ठेव, पोस्टाची काही सर्टिफिकेटं, कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीचे दहा शेअर, एक सायकल, आणि आई, ताई व मी. यातल्या पहिल्या पाच वस्तूंना कायद्यात मिळकत म्हणतात आणि शेवटच्या तिघांना वर्ग एकचे वारस. आई आयुष्यात प्रथमच कशात तरी पहिल्या वर्गात आली.

मृत्युपत्र नव्हतं. खरं म्हणजे मृत्युपत्र करण्याइतकी सोपी गोष्ट नाही. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांदेखत सही केली की काम झालं. अवघड एवढंच, की ‘करा’ म्हणून सांगायचं कोणी? मुलाने बापाला ‘अण्णा, मृत्युपत्राचं काय ठरवलंत?’ असं विचारणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला चहा देता देता परतीच्या गाडीची वेळ विचारणं. मी विचारलं नाही. अण्णांनीही विषय काढला नाही. म्हणजे एकदाच काढला. त्याकडे मी येणारच आहे. जरा टाळतो आहे हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. नॉमिनी म्हणजे मालक अशी माझी समजूत. ती माझ्या वर्गमित्राने, जो पुढे वकील झाला, दोन वाक्यांत घालवली. ‘‘अरे, नॉमिनी म्हणजे हमाल. ट्रंक त्याच्या डोक्यावर असते म्हणून आतली लुगडी त्याची होत नाहीत.’’ विम्याच्या पैशाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ सालीच सांगितलेलं होतं. पुढे, ज्यांचं कालनिर्णय आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर लटकतं त्या जयंतराव साळगावकरांच्या मागे नॉमिनीवरून निघालेला वादही तिथवर गेला, आणि शेअर-रोख्यांचा नॉमिनी झाला तरी तो मालक नव्हे, मालकी वारसांची, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. साऱ्या महाराष्ट्राला एकादशी कधी, संकष्टी कधी ते सांगणाऱ्या माणसाच्या घरी असं होऊ शकतं, तर आमच्या अण्णांची काय कथा! पोस्टाच्या सर्टिफिकेटांवर त्यांनी ‘नॉमिनी’ या रकान्यात सुवाच्य अक्षरांत ‘लागू नाही’ असं लिहून ठेवलं होतं.

तेव्हा वारस दाखला काढणं आलं. शेअर-रोख्यांसाठी १९२५ च्या कायद्याचं उत्तराधिकार प्रमाणपत्र असतं ते निराळं. आपल्याकडचा वारस दाखला कोर्टाकडून मिळतो तो १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली. एल्फिन्स्टनसाहेबाच्या कारकिर्दीतला हा कायदा. पेशवाई जाऊन उणीपुरी नऊ वर्षं झाली होती, आगगाडीचा पत्ता नव्हता, आमची पनवेलची नगरपालिका निघायला अजून पंचवीस वर्षं अवकाश होता. तेव्हापासून हा कायदा कोणाचा मुलगा कोण हे ठरवतो आहे. अर्ज केला की जाहीर नोटीस निघते : ज्या कोणा इसमास हरकत असेल त्याने एक महिन्याचे आत कागदोपत्री पुराव्यानिशी हजर व्हावे.

ती नोटीस स्थानिक पेपरात छापून आली, त्या दिवशी आईने चष्मा लावून ती तीनदा वाचली आणि मला विचारलं, ‘‘कोणी येईल का रे?’’

‘‘कोण यायचंय? आपण तिघंच तर आहोत.’’

‘‘तसं नव्हे,’’ आई म्हणाली. ‘‘ते बदलीवर रोह्याला दोन वर्षं एकटेच होते.’’

त्यानंतर तीस दिवस दारावर टकटक झाली, की आई पदर सावरून स्वतः कडी काढायला जायची. एकतिसाव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘नाही आलं कोणी.’’ तिच्या आवाजात समाधान होतं. पण त्यात थोडी निराशाही होती असं मला आजवर वाटत आलं आहे.

आता ती गोष्ट.

अण्णा गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात, एका दुपारी आम्ही ओटीवर बसलो होतो. माडी गळत होती. खाली बादलीत टप टप आवाज चालला होता. अण्णा सुपारी कातरत होते, मी पेपर वाचत होतो. अडकित्त्यावरची नजर न काढता अण्णा म्हणाले, ‘‘माडीवरची खोली ताईची समज. कधी यावंसं वाटलं तर तिची म्हणून असावी.’’

मी ‘हं’ म्हटलं.

एवढंच. पुढे अण्णा काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. घरात तिसरं माणूस नव्हतं. ‘हं’ हे केवलप्रयोगी अव्यय आहे असं अण्णांनीच मला शिकवलं होतं, आणि केवलप्रयोगी अव्ययाला कायद्यात किंमत नाही. तोंडी मृत्युपत्राची सवलत वारसा कायद्याने ठेवली आहे ती लढाईवरच्या शिपायासाठी आणि समुद्रावरच्या खलाश्यासाठी. ओटीवर सुपारी कातरणाऱ्या निवृत्त मास्तरांचा त्यात उल्लेख नाही. शिवाय ‘हं’चे अर्थ तरी किती! ‘ऐकलं’ असा एक, ‘कबूल’ असा एक, ‘बघू’ असा एक, आणि ‘मी पेपर वाचतो आहे, मला सतावू नका’ असाही एक. माझा नेमका कोणता होता, हे मी गेली सतरा वर्षं ठरवतो आहे. सोयीप्रमाणे उत्तर बदलतं.

अण्णांचे दिवस झाले त्या संध्याकाळीच एका मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘ताईची सही घेऊन टाक.’’ औषध घेऊन टाक म्हणावं त्या सुरात. यात मामांचा दुष्टपणा काडीचाही नव्हता. आमच्याकडे ती रीतच आहे. बाप गेला की मुलगी माहेरी येते, रडते, आईला चार दिवस धरून बसते आणि जाताना हक्कसोडपत्रावर सही करून जाते. भाऊ तिला साडी घेतो. मी पनवेलमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत असली डझनभर तरी हक्कसोडपत्रं पाहिली असतील. एकदा तर साक्षीदार म्हणून सहीही ठोकली आहे. भावाने बहिणीच्या नावे हक्क सोडला असं मात्र कधी बघितलं नाही.

आणि सोडायचा तो हक्क काही आभाळातून पडलेला नाही. मुलगा असताना मुलीला बापाच्या मिळकतीत बरोबरीचा वाटा असावा, यासाठी या देशात किती डोकी फुटली! हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं. मग त्या बिलाचे तुकडे करून एकेक कायदा झाला, त्यातला वारसाचा १९५६ सालचा. त्यात बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवेला, मुलाला आणि मुलीला सारखा वाटा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जागा दिली, देशाने २००५ साली, आणि त्यातल्या उरल्यासुरल्या शंका सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवल्या. म्हणजे हक्क यायला एकोणसत्तर वर्षं लागली. सोडायला आमच्या ताईला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो, कारण तिला पेणची एसटी गाठायची होती.

ती सकाळीच आली होती. एका पिशवीत पोह्याचे पापड, दुसरीत आईसाठी लोणचं. रजिस्ट्रार कचेरीत गर्दी होती. ताईचा फोटो निघाला, अंगठा उठला. तिथल्या साहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, ‘‘राजीखुशीने करता ना?’’ ताई ‘‘हो’’ म्हणाली. मग आईनेही अंगठा दिला. तिचाही तिसरा हिस्सा माझ्याच नावे. ‘‘मला कुठे घेऊन जायचंय?’’ ती म्हणाली. कागदात लिहिलं होतं : नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावास बळी न पडता. स्टँपही अगदी नाममात्र होता. त्याच्या कितीतरी पट पैसे साडीला पडले.

ताईचा अंगठा त्या यंत्रावर टेकला, नेमक्या त्याच क्षणी मला माडीतली ती बादली आठवली. टप टप. मी बोललो नाही. बोलणार होतो, पण मागे माणसं उभी होती. मग मिसळ खाताना बोलणार होतो, पण मिसळ तिखट होती. मग एसटी आली.

आता तुम्ही म्हणाल, ताईने खुशीने दिलं, तुम्ही घेतलं, बिघडलं कुठे? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण आमच्या आळीत गणपतीची वर्गणी मागायला पोरं येतात, तेव्हा पावतीवर ‘ऐच्छिक देणगी’ असं छापलेलं असतं. दहाजण दारात उभे असतात, त्यांतला एक आपल्या घराच्या काचांकडे बघत असतो आणि आपण आपल्या इच्छेने पाचशे एक देतो. ताई ‘नाही’ म्हणाली असती तर काय झालं असतं? आभाळ कोसळलं नसतं. फक्त पुढच्या भाऊबीजेला ओवाळताना सगळे जरा जास्त गप्प बसले असते. आईने लोणचं न घेता ठेवून दिलं असतं. माहेर नावाची खुंटी जरा हलली असती. हे सगळं मिळून किती किमतीचं होतं ते त्या कागदात लिहिलेलं नव्हतं, कारण मोबदल्याच्या जागी ‘निरंक’ होतं.

आमच्या शेजारी एक कोकणी मुसलमान चाचा राहतात, अण्णांचे बुद्धिबळाचे जोडीदार. त्यांच्याकडे मी एकदा विषय काढला. ते म्हणाले, ‘‘आमच्यात मुलीला मुलाच्या निम्मं. पण ते ठरलेलं. बापाच्या मनावर नाही, भावाच्या तर नाहीच. मृत्युपत्र केलं तरी तिसऱ्या हिश्शाच्या वर हात लावता येत नाही.’’ मी प्रभावित झालो. चाचांनी वजीर पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘‘सह्या मात्र आमच्या बहिणीसुद्धा करतातच हां.’’ गोव्यातही म्हणे बापाला मुलांना अगदीच डावलता येत नाही, निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखून ठेवावीच लागते. बापाचे हात बांधणारे कायदे पुष्कळ आहेत. भावाच्या तोंडाकडे बघून बहिणीने काय करावं, याचा कायदा कुठेच नाही.

मेलेल्या माणसाला दिलेला शब्द म्हटला, की आपल्या लोकांना लोकमान्य आठवतात, निदान आठवायला हवेत. ऑगस्ट १८९७. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर नुकते सुटलेले, आणि त्यांचे स्नेही बाबामहाराज पटकीने अंथरुणावर. मृत्युपत्रात बाबामहाराजांनी टिळकांना विश्वस्त नेमलं आणि डोळे मिटले. त्या एका शब्दापायी टिळकांनी काय भोगलं! दत्तक घेण्यावरून बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज आणि विश्वस्त यांच्यात वाद पेटला, १९०१ साली औरंगाबादेस झालेला दत्तकविधी झालाच नाही असं म्हणण्यापर्यंत मजल गेली, १९०३ साली टिळकांना खोटी शपथ घेतल्याबद्दल चक्क शिक्षा ठोठावली गेली. ती हायकोर्टाने १९०४ साली रद्द केली. मधल्या काळात माणूस मंडालेला सहा वर्षं काढून आला. दिवाणी दाव्याचा शेवटचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने दिला तो १९१५ साली, टिळकांच्या बाजूने. मित्राला दिलेला शब्द अठरा वर्षं निभावला.

ही कथा मी बऱ्याच लोकांना रंगवून सांगितली आहे. ताईच्या गोष्टीनंतर मात्र सांगताना एक अडचण होऊ लागली. आपण कोणाच्या बाजूने बोलतो आहोत? मृताच्या इच्छेसाठी टिळक लढले हे खरं. पण ज्या बाईचं घर, जिच्या मांडीवर मूल बसायचं, तिला हवं होतं वेगळंच. जिवंत माणसाची इच्छा एकीकडे आणि मेलेल्याची दुसरीकडे असली, तर शब्द पाळणाराही कोणावर तरी पाय देऊनच उभा राहतो. माझ्या बाबतीत तर तीही ओढाताण नव्हती. मेलेल्याची इच्छा ताईला द्यावं अशी, कायद्याचा हुकूम ताईला द्यावं असा, आणि जिवंत ताई समोर. सगळे एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला मी, मामा आणि रीत.

बरं, हिशेब तरी बघा. कायद्याने ताईचा वाटा एक तृतीयांश. अण्णांनी मोठ्या मनाने दिली ती गळकी माडी, म्हणजे जेमतेम पाव घर. बाप उदार झाला तरी कायद्याच्या मागेच राहिला, आणि रिवाजाने मिळाली साडी.

हे सगळं कदाचित असंच विरून गेलं असतं, कारण घराला तेव्हा फारशी किंमत नव्हती. पण आमचं गाव मध्येच वयात आलं. २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, २०१८ साली विमानतळाचं भूमिपूजन झालं, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटनही झालं. ज्या वाड्यांच्या भिंतींना टेकू लावलेले होते त्यांच्या दारात पांढऱ्या गाड्या थांबू लागल्या. एका बिल्डरने शेजारची दोन घरं आणि आमचं घर मिळून एक इमारत उभी करण्याचा बेत मांडला. मला दोन फ्लॅट मिळणार होते. दोन! त्या रात्री मला झोप आली नाही. आनंदाने नव्हे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी गप्प बसलो, ते एका गळक्या खोलीपुरतं. आता त्या गप्प बसण्याचा भाव चौरस फुटावर निघत होता. गप्प बसण्यावर व्याज चढतं का? आणि चढत असेल तर कोणत्या दराने?

बायकोला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हणालो, ‘‘तसं पाहिलं तर हिशेब फिरताच असतो. प्रत्येक बहीण माहेरी सोडते, प्रत्येक बायकोला सासरी मिळतं.’’

‘‘मला कुठे मिळालं?’’ ती म्हणाली. ‘‘घर तुमच्या नावावर आहे.’’

मी गप्प.

‘‘आणि मीही सही केलीच की, माझ्या भावांना. त्यांची झोप उडाल्याचं मी कधी ऐकलं नाही. तुमचीच का उडावी?’’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. तिने दिवा मालवला.

चार दिवसांनी मी पेणला गेलो. कर्नाळ्याची खिंड ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात संवाद पाठ करत होतो. मी काय बोलायचं ते, आणि ताई काय बोलेल तेही. ताई म्हणेल, ‘राहू दे रे बाळ, मला काय करायचंय आता? तू सांगितलंस यातच सगळं आलं.’ मग मी थोडा आग्रह करीन. ती नाहीच म्हणेल. डोळ्यांत पाणी येईल, माझ्या आणि तिच्याही. मग चहा.

ताई अंगणात वाळवणं उलटत होती. मी तिथेच सांगून टाकलं. ‘‘ताई, अण्णा एकदा मला म्हणाले होते, की माडीवरची खोली तुझी.’’

‘‘कधी म्हणाले?’’

‘‘गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात.’’

‘‘आणि तू काय म्हणालास?’’

‘‘हं म्हटलं.’’

ताईने चार पापड उलटले. मग म्हणाली, ‘‘बरं. मग कधी करायचं?’’

आतल्या खोलीत भावजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

खरं सांगतो, पायाखालची जमीन सरकली. मी द्यायला गेलोच नव्हतो. मी माफी आणायला गेलो होतो, आणि तीही फुकटात. ‘राहू दे रे बाळ’ हे वाक्य मी इतकं गृहीत धरलं होतं, की त्यावर झोपायची तयारीसुद्धा केली होती. मी म्हणालो, ‘‘म्हणजे, तू तेव्हा राजीखुशीने...’’

‘‘तेव्हा कोणी मला काही विचारलंच नाही,’’ ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘सही कुठे करायची तेवढं सांगितलंत. मीही केली. अण्णा गेले होते, मला कुठे वाचायचं भान होतं?’’ आणि मग, ‘‘जेवून जा. भाकरी टाकते.’’

जेवलो. उत्तम जेवलो, हे सांगायला मला लाज वाटते.

वर्गमित्राकडे गेलो. त्याने आधी माझ्याकडे, मग कागदाकडे बघितलं आणि पेन्सिलीने आकडे मांडले. ‘‘तुला माडीच द्यायची आहे ना? मग हे बघू नकोस,’’ म्हणाला. मी बघितलं. आई २०१६ साली गेली. तिने तिचा तिसरा हिस्सा मला लिहून दिला नसता, तर तो तिच्यामागे ताईला आणि मला निम्मा निम्मा आला असता. एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश. ताईचं बरोबर निम्मं घर. दोन फ्लॅटांपैकी एक.

‘‘आता हे परत कसं द्यायचं?’’

‘‘बक्षीसपत्र कर. पण बहिणीला दिलंस तर बाजारभावाच्या तीन टक्के स्टँप पडेल.’’

घेताना नाममात्र, देताना तीन टक्के! मी म्हटलं हा काय न्याय? तो म्हणाला, ‘‘न्यायाचं मला विचारू नकोस, मी वकील आहे.’’

हे सगळं बायकोला सांगितलं, एका फ्लॅटसकट. ती म्हणाली, ‘‘द्या.’’ दुसरं काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या भावाचा फोन आला, की ती हातातलं काम टाकून पहिल्या घंटीलाच उचलते. तो पावसापाण्याचं बोलतो, भाच्याच्या परीक्षेचं बोलतो. ती ‘हं, हं’ म्हणत ऐकत राहते.

गेल्या महिन्यात ताईला मसुदा वाचायला बोलावलं. ती एकटीच आली, पेणहून, एसटीने. सत्तरी ओलांडली आहे तिने. या खेपेला पिशवीत पापड नव्हते, चष्म्याचं घर होतं. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ‘‘बक्षीस?’’ ती म्हणाली. ‘‘माझंच मला बक्षीस?’’

‘‘ताई, कागदाला तसंच म्हणतात,’’ वकील म्हणाला.

‘‘आणि हे नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी?’’

‘‘तेही लिहावंच लागतं.’’

‘‘मागच्या वेळी होतं का?’’

‘‘होतं,’’ मी म्हणालो.

‘‘मग असू दे.’’

ती पुढे वाचू लागली. एका वेळी एक ओळ, ओळीखाली बोट धरून, अण्णा पेपर तपासताना धरत तसं. आम्ही दोघे गप्प बसलो होतो. वकिलाचा दुसरा पक्षकार बाहेर येऊन बसला, उठून गेला, परत आला. तिसऱ्या पानावर ताईचं बोट थांबलं. तिने वकिलाच्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि एका शब्दाभोवती गोल काढला.

‘‘हा रामचन्द्र कोण?’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या अण्णांच्या नावावर अनुस्वार आहे.’’

वकिलाने कागद जवळ ओढून बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘एक प्रतिज्ञापत्र लागेल.’’